फणसातले सहा खिळे

खारघरच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. पहिल्याच महिन्यात वस्तुविनिमयाच्या अडचणी हा धडा येतो. धान्य देऊन कापड घ्यायचं तर कापडवाल्याला धान्य हवं असायला हवं, वगैरे. मुलं हसतात. जुनी माणसं किती बावळट होती, असा तो धडा घेताना माझाही सूर असतो.

पनवेलजवळच्या आमच्या विचुंबे गावात मात्र वस्तुविनिमय जोरात चालू आहे. जमीन द्यायची आणि फ्लॅट घ्यायचा, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हीही तेच केलं. कागदावर अंगठ्याएवढी सही करताना वडिलांनी एकच अट घातली. अंगणातला फणस पडणारच आहे, तर त्याच्या लाकडाचा झोपाळा नव्या घरात हवा. फळी एकसंध, आणि अंग टाकता येईल एवढी रुंद.

मी लगेच हो म्हटलं. त्या अटीत मला काही खर्च दिसला नाही.

वडील दुपारी त्या फणसाखाली बाज टाकून झोपायचे. बिल्डरच्या दुसऱ्या, तयार इमारतीत चौथ्या मजल्यावर आल्यापासून ते खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे बघत राहायचे. पलंगावर झोप लागत नाही म्हणायचे. ते मुळात कमी बोलणारे, थंड स्वभावाचे. मला त्यांनी आयुष्यात एकदाही मारलं नाही. ते आपल्या स्वभावानेच माझ्या वाटेला गेले नाहीत, असं मी समजत होतो. पण त्या खुर्चीतल्या दुपारी बघवत नव्हत्या, हे खरं.

बिल्डरने रीतसर परवानगी आणली आणि फणस पडला. दोन मोठे ओंडके निघाले. बुंध्याचा जाड, सरळ, देखणा. वरचा वाकडा, गाठी आलेला. दोन्ही टेम्पोत घालून मी पनवेलच्या एका लाकडाच्या वखारीत नेले. वखारीचे शेठ सत्तरीचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. मी कापणीचा दर विचारला.

"पैसे नकोत सर," शेठ म्हणाले. "फणस आता येतो कुठे? लेकीच्या घराच्या दारांना हवाय मला. एक ओंडका माझा. दुसरा तुमचा, तो फुकट कापून देतो. वाटे मी केलेत, पहिला उचला तुम्ही."

वाटा करणाऱ्याने शेवटी उचलायचं, ही आमच्याकडची मासळीचे ढीग वाटण्यापासूनची रीत. मला मनात गुदगुल्या झाल्या. एवढा अनुभवी माणूस आणि मला पहिली निवड देतोय. मी वडिलांना फोन लावला, तो केवळ माझी हुशारी सांगायला.

"वरचा घे," वडील म्हणाले. "खालचा नको."

"बाबा, वरचा वाकडा आहे."

"वरचा घे सांगतंय ना."

म्हाताऱ्या माणसाला लाकडाचा बाजार काय कळणार, असं मनाशी म्हणून मी फोन ठेवला आणि बुंध्यावर हात ठेवला. शेठ माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला हरलेल्या माणसाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कापणी बघायला गेलो. शेठनी स्वतःचा वाकडा ओंडका आधी लावला. आतून हळदीसारख्या पिवळ्या फळ्या निघाल्या, एकीपेक्षा एक सुरेख. मग माझा लागला. हातभर आत गेला आणि असा आवाज झाला की आम्ही दोघंही मागे सरलो. पातं तुटलं होतं. लाकडाच्या पोटात लोखंडी खिळा होता. बाहेरून त्याची खूणही नव्हती, साल कधीच त्याच्यावरून चढली होती.

"गावातलं अंगणातलं झाड," शेठ म्हणाले. "बुंध्यात खिळे असणारच. म्हणून तर निवड तुमच्यावर सोडली. मला वाटलं, घरचा माणूस आहे, विचारून आला असेल."

वखारीचा कायदा साधा निघाला. खिळा ज्याच्या वाट्यात, पातं त्याच्या अंगावर. मी पात्याची भरपाई द्यायला तयार झालो, वर त्यांची एक पिवळी फळी विकत मागितली. पात्याचे पैसे शेठनी घेतले, फळीला नाही म्हणाले. फळ्या लेकीच्या दारांना लागणार होत्या. आणि माझा ओंडका ते पुन्हा करवतीवर घेणार नव्हते, कारण अजून किती खिळे आहेत ते कोण सांगणार?

घरी आलो. वडील त्याच खुर्चीत होते. झोपाळा होणार नाही, हे वाक्य मी जिन्यात चारदा जुळवलं होतं, तरी ते धड बाहेर आलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

"किती खिळं गावलं?" वडिलांनी विचारलं.

"एक."

"एकच? अजून पाच हायत."

"मग आधी सांगायचं नाही का, बाबा?"

"तू इचारलंस? तू नुसता सांगतोस."

सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि रिक्षा बोलावायला लावली. वखारीत शेठनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. वडिलांनी चहा संपवला, ओंडक्याभोवती एक फेरी मारली आणि खडू मागितला. मग माझ्याकडे वळले.

"आडवा हो."

"कुठे?"

"हितं. लाकडाच्या बाजूला. पाय बुंध्याकडं कर. खिळं ठोकले तवा मी तुज्याएवडा होतो. आता माजी उंची ऱ्हायली नाय."

अर्थशास्त्राचा प्राध्यापक भुशात उताणा झोपला. करवतीवरची माणसं काम सोडून बघायला आली. वडील माझ्या अंगावरून लाकडावर माप घेत होते. कमरेशी वासराच्या दाव्याचा खिळा. कोपराशी कंदिलाचा. छातीशी दोन, फणस धरत नव्हता म्हणून ठोकलेले. त्यानंतर झाडाला फळ लागलं, असं त्यांनी शेठना सांगितलं आणि शेठनी मान डोलावली. काल ज्याने पातं तोडलं, तो कपड्यांच्या दोरीचा.

शेवटची फुली त्यांनी माझ्या कपाळाच्या रेषेत मारली. ती कशाची, ते सांगितलं नाही.

शेठनी नवं पातं चढवलं. फुल्या चुकवत अर्धा दिवस गेला. शेवटी एक रुंद फळी निघाली, पण शेवटच्या फुलीचा सहावा खिळा तिच्या एका कडेत आडवा होता.

"एवढी कड उडवतो," शेठ म्हणाले. "फळी चार बोटं कमी होईल."

"ऱ्हावदे," वडील म्हणाले.

बदल्यात शेठनी उरलेलं सगळं लाकूड ठेवून घेतलं. या वेळी मी गप्प बसलो.

झोपाळा हॉलमध्ये लागला. पहिल्याच दुपारी वडील त्यावर तास-दीड तास घोरले. ते उठल्यावर मी झोपाळ्यावर त्यांच्या पायाशी टेकलो. माझ्या हाताशी, पिवळ्या लाकडात खिळ्याभोवती काळा डाग पडला होता.

"बाबा, हा कशाचा?"

त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "तू धाव्वीला गणितात नापास झालास, त्या दिसाचा. निकालाचा कागद दावलास आनि माजा हात उठला. तसाच भायेर आलो. वट्यावर हातोडी होती."

सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय, माझे वडील मला कधी रागावलेच नाहीत, त्यांना राग म्हणून येतच नाही.