चार्जर काढल्यावरचा उजेड

पळसदरीचा तलाव दिसला की माझी बाइक आपोआप कडेला जाते. या वेळीही गेली. मागे मांडीवर जड पिशवी घेऊन बसलेली नंदाताई ओरडली, "पाणी पळून जाणार नाय रं! चल, पोचायचंय."

नंदाताई माझी मोठी बहीण. कर्जतला एलईडी दिवे बनवते. कुंभिवलीच्या आतल्या एका वाडीवर कबड्डीचे सामने होते. मैदानाला तिचे बॅटरीवरचे दिवे. चालले तर कायमचे. नाहीतर मंडळ पुन्हा भाड्याचा जनरेटर लावणार.

जाणार असाल तर खोपोलीत मिसळ खाऊन घ्या, दोघांचं पोट स्वस्तात भरतं. पुढे जुन्या हायवेवर कंटेनरच्या मागे अडकलात की बसा धूर खात. कुंभिवलीला वळलात की भाताची खाचरं सुरू होतात. मी तिथेही थांबणार होतो, पण पाठीत बुक्की बसली.

ताईने खांबावर बॅटरी आणि दिव्यांच्या मधला डबा जोडला, बॅटरीला चार्जर लावला, दिवे लागले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मंडळाचे अध्यक्ष दामूकाकांनी खांबापाशी नारळ फोडला. जनरेटरवाला गणपा टेंपोत पाय लांब करून बसला होता. ताई म्हणाली, "काका, आता चार्जर काढा."

"अगं, नारळ फुटलाय! आता कशाला हात लावतेस?"

"सामन्यात लाइट गेली तर नारळ पेटणार हाय का?"

तिनेच प्लग ओढला. दिवे मंदावले, मग लुकलुकायला लागले. गणपा टेंपोतून उतरला. "ताई, मेणबत्ती आणू का गं?"

माझे कान तापले. ताई मात्र मीटर लावून बसली. मग मला म्हणाली, "दिव्यांना सव्वीस व्होल्ट लागतात. दुकानात बॅटरी कायम चार्जरवर असायची, अठ्ठावीस. आता पंचवीसपण नाय. हा डबा बक हाय रं, व्होल्टेज फक्त खाली आणतो. वर न्यायचं त्याला जमत नाय."

"मग वर नेणारा लाव."

"बूस्ट? चार्जर परत लावला की अठ्ठावीस तसेच आत घुसतील, दिवे जळतील. दोन्हीकडे चालणारा पायजे. बक-बूस्ट."

वाटभर मी कुरकुरत होतो ते त्या पिशवीवरून: एका मैदानाला तीन डबे कशाला? तिसरा डबा तोच निघाला. बॅटरी जरा जास्त खातो आणि तापतो, म्हणून तिने तो मागे ठेवलेला. तापण्यावर तिने इलाज केला: डब्याची ॲल्युमिनियमची पाठ लोखंडी खांबाला घट्ट बोल्टने आवळली. खांबच उष्णता ओढून घेणार.

चार्जर लावला, काढला, पुन्हा लावला. उजेड तसाच. काकांनी स्वतः काढून पाहिला, मग मैदानाकडे वळून ओरडले, "घ्या रं टीमा आत!"

शेवटच्या सामन्यापर्यंत दिवे चालले. गणपाने खांबाला हात लावून पाहिला. "कोमट हाय," म्हणाला, आणि टेंपो वळवून गेला.

निघताना काकांनी ताईच्या हातात नारळाची एक कवड ठेवली. घरी आम्ही ती गुळाबरोबर संपवली.

मित्र विचारतात, कुंभिवलीला बघण्यासारखं काय आहे? खाचरं आहेत, मागे डोंगर आहेत. मी मात्र सांगतो, अख्खी वाडी शिट्ट्या मारत असताना माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने प्लग काढला, ते मी बघितलं.