आधी आईचं नाव

रेवणला शेवटचा भेटलो ते आमच्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात. छातीवर वायरी, नाकात नळी, आणि मला बघताच पहिला प्रश्न, "आई आली का बे?"
"न्हाई आली," मी खरं ते सांगितलं.
"मग थांबव त्यायला..."
दुपारी सिस्टर खाली लॅबमध्ये आल्या. रेवण गेला होता.

त्याची आई, गिरिजाबाई, लिंबागणेशला किराणा दुकान चालवायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण उपचार अंबाजोगाईला आमच्याकडेच झाल्यामुळे त्यांची नोंद इथल्या डेटाबेसमध्ये आहे. मी लॅब सांभाळतो, रेवण कॉम्प्युटर सांभाळायचा. कुठलाही बदल तो आधी बाजूच्या मशीनवर करून बघायचा आणि सगळ्यात पहिलं आईचं नाव टाकायचा. "आई सापडली की समदे सापडतेत," म्हणायचा.

गेली दोन वर्षं डेटाबेस बदलायचं घाटत होतं. नवा डेटाबेस जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालेना, नवी ऑपरेटिंग सिस्टम आमच्या थकल्या सर्व्हरला झेपेना. झेपेल असा सर्व्हर आणला, तर जुन्या फॉन्टातली मराठी नावं त्यावर येईनात. कशावर काय चालतं हे तपासल्याशिवाय रेवण पुढे सरकायचा नाही. "पोरीला स्थळ आलं तर तू पत्रिकेऐवजी व्हर्जन विचारशील," असं मी चिडवायचो. तो हसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. एकदा साहेब वैतागले, "कावून एवढा वेळ?" समोर ऊसतोडीहून परतलेली शिरूर कासारची एक बाई बसली होती. रेवण म्हणाला, "हिचे कागद फडात भिजले, साहेब. हिचा आजार आता फकस्त हितंच हाय." साहेबांनी मुदत वाढवून दिली... तेवढ्यापुरती. रेवण आजारी पडताच त्यांनी काम बाहेरच्या कंपनीला दिलं, आणि तिच्या पहिल्या चाचणीत आई सापडली नव्हती.

रेवणला जाऊन आठवडा होत नाही तोच कंपनीची माणसं आली आणि एका दुपारीत त्यांनी सगळं उरकलं. ती निघायच्या आत मी नव्या स्क्रीनवर गिरिजाबाईंचं नाव टाकलं. नोंद नाही. दाखवलं तर त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, नवे पेशंट येतेतच की." माझं डोकं फिरलं, पण भांडणार कोणाच्या जोरावर? ज्याला यातलं कळत होतं, तोच राहिला नाही. शिरूरची बाई परवा आली, तेव्हा तिला नवा नंबर दिला. गोळीचं नाव विचारलं तर म्हणाली, "लई बारीक, पिवळी व्हती." आम्ही तपासण्या पहिल्यापासून लावल्या. आता असंच चालणार, सुधारेल असं मला वाटत नाही.

जुना सर्व्हर कोपऱ्यात अजून चालू आहे; उपचारांच्या नोंदी कंपनीने त्यावरून काढून नेल्या, उरलीय ती फक्त दाखल पेशंटांची यादी. रोज सकाळी मी त्यावर गिरिजाबाई टाकतो, त्या येतात. काल पहिल्यांदा रेवणचं नाव टाकलं. तोही आला. वय, वॉर्ड, खाट, सगळं नीट. डिस्चार्जचा रकाना मात्र भरायचा राहून गेलाय... त्या मशीनच्या लेखी तो अजून वरच्या मजल्यावर दाखल आहे. सोमवारी भंगारवाला येणार आहे, आणि स्विच बंद करायला मलाच सांगितलंय.