संपर्क : कुमुदताई पाठक

कुमुदताई पाठक यांनी पहिल्याच भेटीत माझी चांगली हजेरी घेतली. छत्रपती संभाजीनगरात आम्ही समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींनी नुकताच एक गट काढला होता. आपण आहोत हे शहराला कळावं, म्हणून लांबलचक निवेदन घेऊन मी एका स्थानिक दैनिकाच्या कचेरीत गेलो. ताई तिथं उपसंपादक. मला पहिल्या पानावर बातमी हवी होती. ताईंनी शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, बातमी म्हणजे सणाची पुरणपोळी. माणसं रोज खातात ती भाकरी. तुम्हाला एकदाच दिसायचंय की कायम?"

'शहरात आज' हे सदर त्या सांभाळत. कीर्तन, रक्तदान शिबिर, हास्य क्लब, असं सगळं त्यात येई. तिथं आमची मासिक बैठक छापायला त्या तयार होत्या. अट एकच, संपर्कासाठी माणसाचं नाव हवं. "भजनी मंडळालाही हाच नियम आहे," त्या म्हणाल्या. आमच्यातलं एकही नाव पुढे येईना. माझे वडील पाचोडला पारावर बसून तोच पेपर मोठ्यानं वाचत! ताईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "तुमची तयारी होईपर्यंत माझं नाव राहू द्या."

नाव त्यांचं आणि बैठकीची जागा म्हणजे त्यांचंच उस्मानपुऱ्यातलं घर. टीव्हीवाले आम्हाला पाठमोरं बसवायचे. ताईंच्या सदरात आम्ही कीर्तनाशेजारी उजळ माथ्यानं बसलो. फोनवर शिव्या येत, त्या ताईंनी ऐकून घेतल्या. एका नातेवाइकानं विचारलं, "तुम्हीही त्यातल्याच का?" ताई म्हणाल्या, "बैठकीला या आणि विचारा. चहा मिळेल." ते काही आले नाहीत.

सिल्लोडच्या एक बाई मात्र आल्या. हातात पेपरचं कात्रण. दारातूनच त्यांनी विचारलं, "इथं पोरांच्या आयांना येऊ देतेत का?" ताईंनी त्यांना हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. ते पाहिलं आणि बैठक संपल्यावर मी ताईंना म्हणालो, "आता माझं नाव घाला."

"वडिलांचं नाव?"

"ते राहू द्या, ताई. त्यांना गावात राहायचंय."

अर्धवट नाव ताई कधीच छापत नसत. त्या वेळी छापलं.

सकाळीच वडिलांचा फोन आला.

"पेपरात नाव आलंय तुझं."

"व्हय, अण्णा."

त्यांनी ती ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली. मग म्हणाले, "मधी माझं नाव नाय. बिनबापाचा हाय का तू?"

मी ढसाढसा रडलो. ताईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या दुरुस्ती छापते."

ताईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. उशिरा गेलेला आमचा मजकूर त्या अजूनही परत पाठवतात. ताई, ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि आम्हाला अशाच रागवत राहा. या लेखाखाली मी पूर्ण नाव लिहितो आहे.

— विलास रखमाजी थोटे