मिनिटाला एकशे अडतीस

माझ्या साडूभाऊंइतका सावकाश बोलणारा आणि इतकं घाईचं संगीत ऐकणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात दुसरा सापडणार नाही. सापडलाच, तर साडूभाऊ त्याला आधी विचारतील, "तुमचा वेग किती?" आणि उत्तर एकशे अडतीस आलं नाही तर मनातल्या मनात त्याला माणसांतून उठवतील. ट्रान्स नावाचं एक नाचायचं संगीत आहे. त्यात एक ढोल पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा धडधडत असतो. त्यावर यंत्रातून काढलेली एक गोड, जराशी रडवेली धून चढत जाते. मध्येच ढोल थांबतो, धून एकटीच हवेत तरंगत राहते, आणि ऐकणारे हात वर करून ढोल परत यायची वाट बघतात. तो आला की आनंदाने उड्या मारतात. हे वाचून तुम्हाला काही झालं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही इतक्या वर्षांत काही झालेलं नाही. पण साडूभाऊंच्या मते हा ढोल मिनिटाला बरोबर एकशे अडतीस वेळा वाजला पाहिजे. त्याच्या खाली ती अंगाई आणि त्याच्या वर तो आगीचा बंब.

हे मत बाळगणारा गृहस्थ एका बँकेत जोखीम सांभाळायच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणजे दिवसभर तरुण पोरांना "जरा थांबा, घाई करू नका" असं सांगण्याचा त्यांना पगार मिळतो. घरी येऊन चपला काढेपर्यंत त्यांच्या कानात ढोल सुरू झालेला असतो. मग जगातली प्रत्येक आवाज करणारी वस्तू त्यांच्या परीक्षेला बसते. कपडे धुण्याचं यंत्र घ्यायला ते ताईंबरोबर (माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती) दुकानात गेले, तेव्हा सुती कपडे किती मावतात आणि लोकरीचे किती हे विचारायचं सोडून त्यांनी विक्रेत्याला यंत्र रिकामंच फिरवायला लावलं आणि कान लावून उभे राहिले. एकदा आम्ही टॅक्सीने चाललो होतो. वळणावर टॅक्सीचा दिवा टिकटिक करू लागला तेव्हा साडूभाऊ अस्वस्थ झाले. मला वाटलं, पोटात दुखतंय. पुढे वाकून ते ड्रायव्हरला अत्यंत नम्रपणे म्हणाले, "अंकल, तुमचा इंडिकेटर फार दमलेला वाटतो." ड्रायव्हरने आरशातून आधी त्यांच्याकडे आणि मग, यांना सांभाळणारे तुम्हीच का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

एका गणपतीत आमच्या मंडळींनी भोळेपणाने त्यांच्या हातात झांजा दिल्या. ताईंनी डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पण उशीर झाला होता. पहिल्या कडव्याला आरती मराठी माणसाची होती. दुसऱ्याला तिने वेग घेतला. तिसऱ्यापर्यंत ज्येष्ठ मंडळी एकेका ओळीतला एकेकच शब्द पकडू लागली, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या, आणि कापूर नीट पेटायच्या आत आरती संपलीसुद्धा. पुढचा बराच वेळ सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत धापा टाकत होते. साडूभाऊंची मुलगी इथेच वाढलेली, इथेच शिकलेली. ती मागून, इथल्या बोलीतला "लाह" वाक्याला चिकटवून म्हणाली, "बाबा, रिलॅक्स लाह! देव कुठे पळून चाललाय?" साडूभाऊंचा चेहरा मात्र प्रसन्न होता. ते मला हळूच म्हणाले, "शेवटी शेवटी जमत आलं होतं."

एवढं असून मी त्यांना नाचताना कधीही पाहिलेलं नाही. ढोल परत आला की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. अंगठ्याच्या वर कुठेही काही घडत नाही.

त्यांच्यासारखेच पाच-सहा भाविक दर रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जमत. आमच्या बायका बागेत फिरायला जायच्या आणि मला साडूभाऊंजवळ ठेवून जायच्या. मी पराठा खायचो आणि वाद ऐकायचो. या मंडळात विरोधी पक्ष एकच होता, पण तो भक्कम होता. तोआ पायोहला राहणारे, निवृत्त झालेले एक चिनी दंतवैद्य. गृहस्थ विधुर, अंगाने काटकुळे, मिश्कील. जन्मभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून स्वतः बोलत राहिल्यामुळे कुणी उलट उत्तर देतं याची त्यांना सवय नव्हती. त्यांचं म्हणणं, एकशे बत्तीसच्या वर गेलं की धून गुदमरते. साडूभाऊ म्हणत, एकशे बत्तीसला धून झोपते. सहा ठोक्यांचं हे अंतर. माझ्या कानाला दोन्ही सारखेच लागत, हे मी एकदा बोलून गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, आणि ते माझ्याबद्दल होतं.

वाद कितीही चढला तरी उठताना दोघं एकमेकांचे ट्रे उचलून ठेवत. एका रविवारी मात्र ते बिनसलं.

साडूभाऊंची सगळ्यांत आवडती म्हणून एक धून आहे. ते सिंगापुरात नवीन आले तेव्हा आंग मो किओला एका फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. ताई बाळंतपणासाठी पुण्याला होत्या. नोकरी नवी, ओळख कुणाची नाही. शेजारच्या खोलीतला मुलगा संध्याकाळी भिंतीपलीकडे ही धून लावायचा. "मला त्यातलं काही कळत नव्हतं हो," साडूभाऊंनी मला एकदा सांगितलं होतं, "पण ढोल थांबला की वाटायचं, आता परत येईल. आणि यायचा." एवढंच. त्यापुढे त्यांनी कधी त्याचं स्पष्टीकरण दिलं नाही.

त्या रविवारी दंतवैद्य कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांनी नेमकी तीच धून घेऊन तिचा वेग एकशे बत्तीसवर उतरवला होता. सगळ्यांसमोर ती वाजवून ते म्हणाले, "बघा, आता तिला श्वास घेता येतोय. तुमच्या वेगात ती शाम्पूची जाहिरात वाटते." मंडळी हसली. मीही हसलो असेन. साडूभाऊ उठले, अर्धी कोपी (इथली दाट, गोड कॉफी) तशीच ठेवून सायकलकडे चालू लागले. दंतवैद्य मागून हाक मारत राहिले, "अरे, जोक होता, लाह!" साडूभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचा ट्रे मीच उचलला.

मग कित्येक रविवार ते समुद्राकडे फिरकले नाहीत. आम्ही समजूत घालायला गेलो की ते वर्तमानपत्र वाचत. "अहो, सहा ठोक्यांसाठी माणूस तोडायचा का?" ताईंनी विचारलं. "सहा ठोक्यांसाठी नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. कानांवर हेडफोन नसायचे, आणि घरातही ढोल वाजेनासा झाला. ताई माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शांततेसाठी नवस बोलत होते गं, आणि आता ही शांतता खायला उठते."

एके दिवशी मंडळातल्या कुणाचा तरी निरोप आला. दंतवैद्यांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला होता, पण डावा पाय उचलत नव्हता. साडूभाऊंनी निरोप वाचला, फोन उलटा ठेवला, आणि मला म्हणाले, "तुम्ही येता का बरोबर? मी एकटा गेलो तर त्यांना वाटेल मी जिंकायला आलोय."

आम्ही गेलो तेव्हा त्यांना व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं होतं. चालायला शिकवणाऱ्या बाई फोनवर टिकटिक लावून म्हणत होत्या, "प्रत्येक टिकला एक पाऊल." दंतवैद्य घामाघूम झाले होते आणि पाऊल टाकत नव्हते. त्यांनी साडूभाऊंना पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द जड येत होते, तरी ते म्हणाले, "या टिकटिकीला... धूनच नाही." साडूभाऊंनी मान डोलावली. दोघांमध्ये झालेली माफी ती एवढीच.

साडूभाऊंनी बाईंना विचारलं, पावलांचा वेग किती हवा? त्यांनी सांगितला. एकशे अडतीसच्या निम्म्याहूनही तो बराच कमी होता. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर साडूभाऊ कॉम्प्युटरपुढे बसून आपल्या त्याच धुनेचा वेग एकेक ठोका उतरवत होते. प्रत्येक ठोक्याला त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू दंतवैद्य त्यांच्याच दाढेत काम करताहेत. शेवटी त्यांनी हेडफोन काढला. "वाट लागली," ते म्हणाले. "खरंच शाम्पूची जाहिरात झाली." आणि ती फोनवर घेऊन ते मलाही ओढत पुन्हा व्यायामाच्या खोलीकडे निघाले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, ऐकीव असतं तर माझा विश्वास बसला नसता. धून सुरू झाली. दंतवैद्यांनी दांडी धरली, डावा पाय घसटत पुढे आला, मग उजवा, मग पुन्हा डावा. खोलीच्या टोकाला पोचल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "फार हळू. वाढव."

"वाढवायचा नाही," साडूभाऊ म्हणाले.

"झोप येते यात."

"येऊ दे. बाईंनी सांगितलाय तेवढाच वेग."

"तू? तू मला हळू चालायला सांगतोस?"

"मी जोखमीच्या खात्यात आहे," साडूभाऊ म्हणाले. "पाऊल टाका."

शेवटी त्या बाईंनी दोघांनाही दम भरला, की आवाज कमी केला नाहीत तर दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावीन. त्या आठवड्यानंतर दंतवैद्य रोज थोडा वेग मागायचे आणि साडूभाऊ रोज नकार द्यायचे. पण एकेक ठोका ते गुपचूप वाढवत होते, हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं दंतवैद्यांनाही माहीत होतं. दोन ऋतू असे गेले असं म्हटलं असतं, पण सिंगापुरात ऋतू एकच. त्या एकाच ऋतूत कधीतरी दंतवैद्य काठी टेकत गाडीतळापासून हॉकर सेंटरपर्यंत स्वतः चालत आले. मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. साडूभाऊंच्या पायाचा अंगठा हलला.

पण एकट्याने तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये राहणं आता त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांची मुलगी पर्थला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. विमानतळावर दंतवैद्य मुलीला सांगत होते, "हा माणूस चुकीचा आहे, पण चांगला आहे." साडूभाऊ त्यांची बॅग धरून उभे होते.

आता रविवारी सकाळी साडूभाऊ त्यांना फोनवर समोरासमोर बघतात. पर्थला आणि इथे घड्याळात एकच वेळ असते, त्यामुळे दोघांची कोपी एकाच वेळी होते. परवा मी त्यांच्या घरी होतो. एका नव्या धुनेच्या वेगावरून वाद रंगला होता. साडूभाऊ टेबलावर थापा देत म्हणाले, "असा आहे, ऐका." पलीकडून दंतवैद्यही उजव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर ठोके देऊ लागले. दोघांचे ठोके जुळेनात. साडूभाऊंनी थाप दिली की दंतवैद्यांचा ठोका किंचित मागून यायचा. साडूभाऊंनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मग त्यांनी थापा थांबवल्या आणि नुसते ऐकत बसले.

ताई स्वयंपाकघरातून कोपी घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, "काय झालं? कोण चुकतंय?"

"कोणीच नाही," साडूभाऊ म्हणाले. "तो लांब आहे. आवाज पोचायला वेळ लागतो."