गोष्ट न विसरणारा टेप

हसनाबादच्या उषाबाईंना गाडी लागते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बस असो की जीप, गाव सुटून पहिलं वळण आलं की बाईंचा चेहरा उतरायचा. जीपवाला नजीर त्यांना लांबून पाहूनच ओरडायचा, "मावशी आल्या, खिडकी मोकळी करा! आन् मागच्यांनी काचा लावून घ्या!" लोक हसायचे. उषाबाईही हसायच्या. लिंबू झालं, आलं झालं, गोळ्या झाल्या, बुडाखाली वर्तमानपत्र घेऊन बसणंही झालं. कशानं फरक पडेना, तेव्हा त्यांनी गाव सोडणंच सोडून दिलं.

त्यांच्या नवऱ्याचा, रखमाजींचा, जन्म मात्र गाडीवर गेला होता. एका जिनिंग गिरणीचा कापसाचा टेम्पो त्यांनी केस पिकेपर्यंत चालवला आणि काम सुटल्यावर एक जुनी व्हॅन घेतली. आपल्याच बायकोला गाडी सोसू नये, याचं त्यांना मनातून वाईट वाटे. पण बोलून दाखवण्याचा स्वभाव नव्हता.

लेक शीतल बदनापूरला दिलेली. लग्न तिकडेच लागलं. वऱ्हाडाबरोबर गेलेल्या उषाबाई उतरल्या त्या थेट कुणाच्या तरी खोलीत जाऊन आडव्या झाल्या. अक्षता पडल्या तेव्हा नवरीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. शीतलचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेला ती सासरीच राहिली. मुलगी झाली आणि बारशाचा निरोप आला. बाळंतविडा आईनं स्वतः न्यायचा असतो. उषाबाईंनी अंगडी-टोपडी शिवली, डिंकाचे लाडू वळले, सगळं एका नव्या कापडात बांधलं आणि गाठोडं नवऱ्यापुढं ठेवलं.

"तुम्हीच घेऊन जा. मी आले तर पुन्हा खाट धरीन. व्याह्यांच्या दारात तमाशा नको."

"लेकरू तुला पाह्यचं न्हाई का?"

उषाबाई उठून चुलीकडे गेल्या. त्यांची पाठ पाहून रखमाजींना उत्तर कळलं.

त्यांना एक गोष्ट आठवत होती. मागे डोळे दाखवायला उषाबाईंना नजीरच्या जीपमधून भोकरदनला न्यावं लागलं होतं. शेजारी लालबी नावाची बाई बसली होती. तिनं आपल्या सुनेचं आणि विहिणीचं भांडण असं रंगवून सांगायला घेतलं, की उषाबाई तोंडाला पदर लावायचं विसरल्या. लालबी उतरेपर्यंत त्यांना काही झालं नाही. ती उतरली आणि पुढच्याच वळणावर जे व्हायचं ते झालं.

"गोष्ट चालू असली की तुझं पोट गप बसतं," रखमाजी म्हणाले.

"मंग काय, लालबीला भाड्यानं आणता का?"

लालबीला आणायची गरज नव्हती. शेजारच्या पायलनं पेनड्राइव्हमध्ये एक लांबलचक कथा भरून दिली. सवतीच्या कपटानं वनात हाकललेल्या राणीची. कुणी कथेकरी बाई ती फार गोड सांगत होती. फोनवर ऐकावी तर व्हॅनच्या घरघरीत शब्द कळेना. फोनची बोंडं कानात घातली तर उषाबाईंना घरात बसल्या जागीच गरगरायला लागलं. तेव्हा गाडीत टेपच बसवायचा ठरला. कॅसेटचा जमाना गेला, तरी रखमाजी त्याला टेपच म्हणत.

जालन्यात अबुबकरचं दुकान होतं. त्यानं दोन सेट काढून पुढं ठेवले. एकाला मोठा पडदा, भोवती निळे-जांभळे दिवे. दुसरा काळा, ठोकळ्यासारखा, वर बारीक आकडे.

"चाचा, दोन्ही पेनड्राइव्ह वाजवतात. ऐकणार काय तुम्ही?"

"कथा."

"कोण ऐकणार?"

रखमाजी घुटमळले. बायकोच्या ओकाऱ्यांची गोष्ट परक्या माणसाला कशी सांगायची? "घरचे," एवढंच म्हणाले.

"मंग हा काळा घ्या. बिलकुल साधा, पण पक्का."

रखमाजींनी काळ्याकडे पाहिलं. बायको इतक्या वर्षांनी गाडीत बसणार आणि तिच्यापुढं असला ठोकळा? त्यांनी दिव्यांचा सेट घेतला.

बारशाआधी राजूरच्या वाटेनं एक फेरी मारून पाहायचं ठरलं. उषाबाई पुढं बसल्या. दिवे लागले, तसं त्या म्हणाल्या, "अगं बया, लग्नाचा मांडवच की!" कथा सुरू झाली. गाव सुटलं, वळण गेलं. उषाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. राणी वनात पोचली, झाडाखाली बसली, टेप मधेच गप झाला, आणि जरा वेळानं कथेकरी बाई म्हणाली, "एक आटपाट नगर होतं..."

"आवो, हे पुन्हा पहिल्यापासून?"

"आसंल काहीतरी."

राणी पुन्हा नगरातून निघाली. वेशीपाशी आली, तोच पुन्हा आटपाट नगर. थोड्या वेळानं पुन्हा. "ही बाई तेच तेच काय सांगून राह्यली?" एवढं म्हणेपर्यंत उषाबाईंचा हात तोंडाकडे गेला. रखमाजींनी गाडी कडेला घेतली.

घरी आल्यावर उषाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत. गाठोडं न्या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी रखमाजी तरातरा दुकानात गेले. "खराब माल दिला तुम्ही मला!"

अबुबकरनं सेट टेबलावर लावून पाहिला. कथा सुरळीत चालली. शेवटी सेट पुन्हा व्हॅनमध्ये बसवून तो म्हणाला, "चला, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी ऐकतो."

गावाबाहेर उतार लागला. रखमाजींचा हात आपसूक चावीकडे गेला. इंजिन बंद, टेप बंद, गाडी आपली घरंगळत चालली. उतार संपला, चावी फिरली, आणि बाई म्हणाली, "एक आटपाट नगर होतं..."

"चाचा! चावी कशाला बंद केली?"

"उतार होता ना."

"उतार होता तर?"

"पेट्रोल वाचतं. टेम्पोवर जल्मभर असंच केलं."

अबुबकर कपाळाला हात लावून हसत सुटला. "अहो, चावी बंद झाली की हा सस्ता सेट सगळं विसरतो! आन् हसतोय मी, पण इंजन बंद असलं तर ब्रेक बी कडक होतो. घरचे बसणार ना गाडीत?"

रखमाजींनी गाडी कडेला उभी केली. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. लग्न, खोली, अक्षता, लालबी, गाठोडं. अबुबकरचं हसू मावळलं.

"हे पयले सांगायचं ना, चाचा. चाचींना तो काळाच पाहिजे. त्याची एक वायर थेट बॅटरीला जाते. चावी बंद करा, गाडी उभी करून जेवून या. गोष्ट जिथं थांबली तिथूनच पुढं."

त्यानं सेट बदलून दिला. उषाबाईंना पुन्हा गाडीत बसवणं त्याहून अवघड गेलं. "एकदाच. बारशालाच जाऊ, मधी फेरी-बिरी न्हाई," रखमाजी म्हणाले. बारशाच्या सकाळी उषाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या. देवळात बसावं तसं, अंग चोरून.

पहिला उतार आला. रखमाजींनी हात मांडीवर दाबून धरला. इंजिन चालू, कथा चालू. दुसरा उतारही गेला. राणीला वनात एक म्हातारी भेटली. उषाबाई मधेच पुटपुटल्या, "ही म्हातारी काय बराबर दिसत न्हाई मला."

राजूरला पेट्रोल घ्यावंच लागणार होतं. पंपावर इंजिन बंद करावं लागलं. गाडीत एकदम शांतता झाली. पेट्रोलचा वास आला, तसं उषाबाईंनी पदर नाकाला लावला. टाकी भरली. रखमाजींनी चावी फिरवली. काळ्या ठोकळ्यावरचे बारीक आकडे लागले, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग बाई म्हणाली, "...म्हातारी म्हणाली, पोरी, रडू नको."

उषाबाईंनी पदर खाली घेतला. "हां, चला," त्या म्हणाल्या.

बदनापूरला जावई हरिओम दारातच उभा होता. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात बादली. आत खाटही टाकून ठेवली होती. उषाबाई स्वतःच दार उघडून उतरल्या, गाठोडं काखेत सावरलं.

"जावईबापू, बादली कशाला? म्हैस पिळायची का?"

हरिओमनं बादली पाठीमागं नेली. आतून शीतल बाळाला घेऊन धावत आली, आणि आईला उभी पाहून उंबऱ्यातच थांबली. उषाबाईंनी तिच्या ओटीत बाळंतविडा घातला, नात हातात घेतली आणि पाळण्याशी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या पंगतीत जेवल्या, वर पुरणपोळी मागून घेतली. खाटेवर कुणीच आडवं झालं नाही.

चार वाजायच्या सुमाराला निघायची वेळ झाली. रखमाजी गाडीपाशी उभे होते. उषाबाई बसल्या, पण दार लावेनात.

"जाफराबादला मीनाबाई राह्यते ना," त्या म्हणाल्या. मीनाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. "तिनं घर बांधलं तवापासून मी पाह्यलंच न्हाई."

"ते लई फेऱ्याचं पडतं."

"पडू द्या," उषाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.