गुंतामावशी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे गुंतामावशी म्हणतात. पिशवीत कायम लोकरीचा एक गुंता. बारा वर्षं मी त्यांची जीप चालवतोय, पण स्वेटर सोडा, त्या लोकरीची साधी कानटोपीही झालेली मी पाहिली नाही.

काम त्यांचं समाजसेविकेचं. कुणी जिवाचं बरंवाईट करायला निघालं की फोन आमच्याकडे येतो. मी तेव्हा नवीन होतो, महिनाही झाला नव्हता. एका दुपारी फोन आला. तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तर एक नवरा बाथरूमच्या दारावर धडाधड लाथा मारतोय. बायको आतून कडी लावून बसलेली, सोबत झोपेच्या गोळ्या. तीन महिन्यांचं बाळ शेजारणीच्या खांद्यावर रडून रडून लालबुंद झालेलं.

मावशींनी नवऱ्याचा हात धरला. "दादा, तुम्ही बाळाला घ्या. दार माझ्यावर सोडा." मग माझ्याकडे वळल्या. "खालच्या दुकानातला सुतार आणून जिन्यात उभा कर. मी हात वर केला की दार तोडायचं. तोवर हूं की चूं नाही."

आणि फरशीवर फतकल मारून बसल्या. विचारलं काय, तर, "जीव द्यायचा विचार करतेयस का गं?"

माझं डोकंच फिरलं. अहो, असं तोंडावर कोणी विचारतं? मनात नसलं तरी येईल! पण इतका वेळ गप्प असलेली ती पोरगी ढसाढसा रडायला लागली. "हो," म्हणाली. असं सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं, हे मला फार उशिरा कळलं.

"गोळ्या घेतल्यास?"

"नाही अजून."

"मग दाराखालून इकडे सरकव बघू."

फटीतून काही आलं नाही. मावशींनी पिशवीतून लोकर काढली, एक टोक आपल्या बोटाला गुंडाळलं आणि बाकीचा गुंता फटीतून आत ढकलला. "माझ्या डोळ्यांना दिसत नाही बाळा. एवढं सोडवून देतेस?"

गेली ही बाई कामातून, असं मला वाटलं. पण थोड्या वेळानं बोटाचा धागा हलला.

ती बोलायला लागली. रात्रंदिवस झोप नाही. बाळ रडलं की कान बंद करून घ्यावेसे वाटतात. "मला ते आवडतच नाही हो. मी आई कसली?" नवऱ्यानं तोंड उघडलं, तशी मावशींनी डोळे वटारले.

"तू वाईट नाहीस गं, तू आजारी आहेस. यावर औषध आहे. मी स्वतः घेऊन जाते तुला डॉक्टरांकडे."

धागा हलायचा थांबला.

मावशींचा हात फरशीवरून उचलला गेला. जिन्यात सुतारानं पहार सरसावली. हात खांद्यापर्यंत आला, आणि दाराखालून गोळ्यांचं एक पाकीट बाहेर आलं. मग दुसरं. दोन्ही भरलेली, एकही गोळी काढलेली नव्हती.

"एवढीच आहेत," आतून आवाज आला. कडी निघाली.

तिच्या हातात लोकरीचा अर्धा गोळा होता. मावशींनी हात पुढे केला, तर तिनं तो छातीशी धरला. "राहू दे माझ्याकडे. उद्या पुरा करते."

मावशींनी तिला जवळ घेतलं. एवढी खमकी बाई, पण पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो, त्यात लाजायचं काय!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला भेटून मावशी परतल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर लोकरीचा नेटका, गोल गोळा होता. म्हटलं, चला, आता तरी कानटोपी होणार! जीप निघाली आणि मावशींनी तो गोळा उलगडून दोन्ही हातांनी पुन्हा विस्कटायला सुरुवात केली. चांगल्या गाठी मारून, मन लावून.

खड्डे आले तशी गाडी हळू घेतली.