गेळाचं पाणी आणि बाबांची गोळी

विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, देऊनही बाबांच्या जबड्यातला कॅन्सर परत आला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता गाठ हटणार नाही. दुखणं मात्र हटवता येईल." त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दुखायची वाट न बघता दर चार तासांनी एक. एसटीनं गडचिरोलीला माझ्या घरी येईपर्यंत बाबा गालाला गमछा दाबून बसले होते. घरी पोचल्यावर मी गोळी पुढे केली, तर त्यांनी तोंडच मिटून घेतलं.

जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळताना ज्या तोंडानं कुणाचं ऐकलं नाही, ते आता औषधाला बंद! मला असा संताप आला.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. नदी आणि गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, यांवर आमचं पोट. उन्हाळ्यात नदी आटून नुसते डोह उरले की रानातल्या गेळाची फळं ठेचून पाण्यात कालवायची. मासे गुंगून वर येतात, मग हातानं उचलून टोपलीत टाकायचे. बाबांचा सगळा हिशेब त्या डोहावरून चालला होता.

"गेळ टाकला का मासा धडपडत नाई," ते म्हणाले, "अन् धडपडला नाई का धरनाऱ्याचं फावते. मी सुन्न झालो का हा आजार मले तसाच उचलून नेईन. दुखते तवरी मी लढून राह्यलो."

मी आधी गोडीनं सांगितलं, मग दरडावलं, मग रडले. उपयोग शून्य. पेजेचा घोट गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांसमोरच तक्रार मांडली. वाटलं, ते हसतील आणि बाबा ओशाळून गोळी घेतील. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची बाबांजवळ ओढून बसले.

"आपल्या पेशींवर औषध धरून ठेवणाऱ्या जागा असतात," ते म्हणाले. "ग्राही म्हणतात त्यांना. मॉर्फिन मेंदूतल्या आणि मणक्यातल्या अशा जागांवर जाऊन बसतं, म्हणून दुखणं दबतं. पण तशाच जागा काही कॅन्सरच्या पेशींवरही सापडल्या आहेत. त्यामुळे गाठ वाढते का, पसरते का, याचा तपास संशोधक करताहेत. प्रयोगशाळेत कुठे वाढलेली दिसली, कुठे उलटंच दिसलं. माणसात काय होतं, ते आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जाळ्यात मोठा रोहू लागलाय.

"पण दुखण्यानं तुमचं काय चाललंय ते मला इथूनच दिसतंय," डॉक्टर पुढे म्हणाले. "झोप नाही, अन्न नाही. माझे वडील असते तर मी गोळी दिली असती."

परतीच्या एसटीत मी विचार करत होते. इकडे आड, तिकडे विहीर. पण आडात पडलेल्या माणसाला विहिरीची भीती दाखवून काय होणार? गोळी द्यायचीच, हे माझं ठरलं. हट्टाच्या बाबतीत मी त्यांचीच लेक.

आणि वाटेत मला काठ आठवला. गेळ टाकला की पाणी निवळेपर्यंत कुणीतरी काठावर उभं राहायचं, ढोरं ते पाणी प्यायला आली तर हाकलायला. लहानपणी ते काम माझं. ठेचलेल्या गेळाची टोपली उलटी करण्याआधी बाबा डोहातून ओरडून विचारायचे, "काठावर आहेस ना?" मी "हाव" म्हटल्याशिवाय एक फळ पाण्यात पडत नसे.

घरी आल्यावर मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, गेळ टाकल्यावर काठावर कोन उभं राहे?"

"तू."

"मंग आता बी मीच राहीन. तू गुंगला तरी मी जागी आहो. गाठीवर ध्यान ठेवीन, काही दिसलं तं डॉक्टरले सांगीन. पन तुले असं तडफडू नाई देत मी."

त्यांनी गालावरचा गमछा बाजूला केला. मग हळूच म्हणाले, "काठावर आहेस ना?"

"हाव."

त्यांनी तोंड उघडलं.

त्या दिवशी ते गाढ झोपले. दोन दिवसांनी भात मऊ करून माशाच्या रश्श्यात कालवून मागितला. पुढे ओसरीत बसून फाटलं जाळं विणायला घेतलं आणि मी जाळ्याला मारलेल्या गाठी कशा सैल पडतात यावरून मला चिडवायला लागले. मला इतका आनंद झाला की मुद्दाम सैल गाठी मारत राहिले. दर गोळीच्या वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर.

जबड्यातली गाठ वाढली. ती वाढणारच होती की गोळीनं तिला बळ दिलं, मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा गोळी देईन.

शेवटी त्यांना गिळवेना. मी गोळी चमच्यात विरघळवून ओठांशी नेली. ओठ नुसते हलले, आवाज निघाला नाही. पण प्रश्न मला पाठ होता.

"हाव बाबा," मी म्हटलं, "काठावरच आहो."